यशानंतरची जागृती: वसईच्या ख्रिस्तसभेची वाटचाल

प्रस्तावना

ख्रिस्तसभेच्या इतिहासात छळाचे कालखंड आहेत, तसेच भरभराटीचेही आहेत. छळाच्या काळात श्रद्धा कशी टिकवावी याविषयी आपण पुष्कळ ऐकलेले असते. हुतात्म्यांच्या सणाला त्यावर प्रवचने होतात, धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांच्या कथा सांगितल्या जातात. परंतु भरभराटीच्या काळात श्रद्धा कशी टिकवावी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सर्व काही सुरळीत असताना धोक्याची आठवण करून देणारा माणूस कोणालाच आवडत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

वसईच्या ख्रिस्ती समाजाला आज हा प्रश्न विचारणे भाग आहे. ज्या घरात आजोबांनी रहाटाने पाणी काढून वाडी शिंपली, त्या घराच्या अंगणात नातवाची मोटार उभी आहे. ज्या समाजाला सावकाराच्या दारात उभे राहावे लागत होते, त्याची स्वतःची बँक आहे. शाळा, महाविद्यालय, रुग्णालय, मासिक आणि स्वतंत्र धर्मप्रांत हे सर्व या समाजाने मिळविले. या देणग्यांबद्दल परमेश्वराचे आभार मानावेत तेवढे थोडेच. तथापि, यशानंतर एकनिष्ठ आणि जागृत कसे राहावे याचे मार्गदर्शन पवित्र शास्त्रातून आणि आपल्या स्वतःच्या इतिहासातून मिळते. त्याचा हा थोडक्यात आढावा.

पवित्र शास्त्रातील आधार

जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना वचनदत्त देशात प्रवेश करण्यापूर्वी उपदेश करतो. अरण्यातील चाळीस वर्षे भूक आणि तहान यांची होती, पण मोशेला अधिक चिंता आहे ती पुढच्या दिवसांची. लोक पोटभर जेवतील, चांगली घरे बांधतील, गुरेढोरे आणि सोनेरुपे वाढेल, आणि हे सर्व आपण आपल्याच बळावर मिळविले असे त्यांना वाटू लागेल, ही ती चिंता. विस्मरण हे समृद्धीचे पहिले लक्षण आहे, असे मोशेने ओळखले होते.

दावीद राजाचे उदाहरणही बोलके आहे. शौल राजा पाठलाग करीत असताना गुहेत लपून राहिलेला दावीद देवाला धरून राहिला. त्याचे पतन झाले ते सिंहासन स्थिर झाल्यावर. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय सांगतो, की राजे लढाईवर जातात त्या ऋतूत त्याने सैन्य पाठविले आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. पुढची घटना सर्वांना ठाऊक आहे. पापाची सुरुवात वाड्याच्या गच्चीवर झाली. ज्या वेळी स्वतः जायचे त्या वेळी इतरांना पाठवून आपण घरी राहायचे, ही सवय त्याआधीच जडली होती.

नव्या करारात प्रकटीकरणाच्या पुस्तकातील सात मंडळ्यांना लिहिलेली पत्रे या विषयासाठी फार महत्त्वाची आहेत. त्यांपैकी स्मुर्णा येथील मंडळी गरीब आणि छळ सोसणारी होती. तिला एकाही दोषाचा ठपका नाही. कठोर शब्द आहेत ते इफिस, सार्दीस आणि लावदिकीया यांना. इफिसच्या मंडळीत कष्ट होते, शिस्त होती, खोट्या शिक्षकांची पारख होती. पण आरंभीचे प्रेम ओसरले होते. सार्दीसच्या मंडळीला जिवंत म्हणून लौकिक होता, पण ती आतून मृतप्राय झाली होती. लावदिकीयाची मंडळी स्वतःला श्रीमंत आणि कशाचीही उणीव नसलेली समजत होती.

या पत्रांतील इशारे त्या त्या शहरांच्या लोकांना सहज समजणारे होते. सार्दीसचा किल्ला उंच कड्यावर होता आणि तो अजिंक्य मानला जाई. तरीही तो दोनदा पडला. इ. स. पूर्व सहाव्या शतकात इराणच्या सायरसच्या सैनिकांनी तो घेतला आणि पुढे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात तिसऱ्या अँटायोकस राजाच्या सैन्याने. दोन्ही वेळा शत्रू अशा बाजूने चढला, जिथे पहारा ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. लावदिकीया हे व्यापारी शहर होते. इ. स. ६० च्या भूकंपात ते कोसळले, तेव्हा रोमच्या मदतीवाचून त्याने स्वतःच्या पैशांनी स्वतःला पुन्हा उभारले, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने नमूद केले आहे. अशा स्वाभिमानी शहरातील मंडळीला आपल्याला कशाचीही गरज नाही असे वाटू लागले, तर त्यात नवल नाही.

प्रभू येशूने जागे राहण्याची आज्ञा वारंवार दिली. गेथशेमाने बागेत झोपी गेलेले शिष्य विरोधक नव्हते. काही वेळापूर्वीच त्यांनी प्रभूबरोबर भोजन केले होते आणि मरेपर्यंत साथ देण्याची ग्वाही दिली होती. एकनिष्ठा आणि जागृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची गरज आहे, हे या प्रसंगातून दिसते. मनाने एकनिष्ठ असलेला माणूसही झोपू शकतो.

तटबंदीच्या आतील वैभव

वसई आणि परिसर डिसेंबर १५३४ च्या तहानुसार गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील प्रदेशाचे मुख्य ठाणे होते. किल्ल्याच्या आत फ्रान्सिस्कन, जेज्वीट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांचे मठ आणि भव्य चर्चेस उभी राहिली. सत्तेचा आश्रय, जमिनींचे उत्पन्न आणि दगडी भिंती यांची कमतरता नव्हती.

या कालखंडाकडे पाहताना प्रामाणिक असावे लागते. वसईत श्रद्धेचे बीज याच काळात रुजले आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. परंतु धर्मकार्याला राजसत्तेचे बळ जोडले गेले, तेव्हा जबरदस्तीचे आणि इतरांच्या श्रद्धास्थानांचा अवमान करणारे प्रकारही घडले. १२ मार्च २००० रोजी संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोम येथे क्षमायाचनेचा विधी केला. सत्याच्या सेवेसाठी म्हणून वापरलेल्या हिंसक मार्गांबद्दल त्या वेळी परमेश्वराकडे क्षमा मागण्यात आली. यशाच्या काळात ख्रिस्तसभेने केलेल्या चुका मान्य करणे हादेखील जागृतीचाच भाग आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालील मराठा सैन्याने दीर्घ वेढ्यानंतर वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज अधिकारी, सैन्य आणि संघीय धर्मगुरू निघून गेले. येथे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करता येईल, अशी तरतूद शरणागतीच्या कलमांत होती. पण त्यांच्यापाशी आता ना राजाश्रय होता, ना पुरेसे धर्मगुरू, ना पैसा.

आज किल्ल्यात फिरणाऱ्याला काय दिसते? मठांच्या कमानी उभ्या आहेत, त्यांवर वड-पिंपळ वाढले आहेत आणि फरशीवर पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. ज्यांच्याकडे वैभव होते त्यांच्या प्रार्थनेचा आवाज थांबला. श्रद्धा टिकली ती तटबंदीच्या बाहेर: वाड्या कसणाऱ्या सामवेदी आणि वाडवळ कुटुंबांत, आणि किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत. गोव्याहून आलेल्या आणि स्थानिक धर्मगुरूंनी त्यांची सेवा केली. पण मुलाला क्रुसाची खूण शिकविणे, सायंकाळी जपमाळ म्हणणे आणि मरणाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणे ही कामे घराघरांतील आईबापांनी केली. आपण त्यांचे वारस आहोत, किल्ल्यातील सरदारांचे नव्हे.

संत गोन्सालो गार्सिया आणि नागासाकीचा धडा

या विषयावर वसईच्या स्वतःच्या संताइतके कोणी बोलू शकणार नाही. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुरुवातीस वसईत झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई वसई परिसरातील होती. जेज्वीट धर्मगुरूंच्या सहवासात ते वाढले, तरुण वयातच जपानला गेले आणि तेथील भाषा शिकले. पुढे त्यांनी व्यापार केला आणि त्यात त्यांना चांगले यश मिळाले. त्या यशाच्या भरात त्यांनी व्यापार सोडला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. १५९३ मध्ये ते फ्रान्सिस्कन धर्मगुरूंबरोबर दुभाषी म्हणून जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी या सर्वांना संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत.

आपण त्यांच्या हौतात्म्याचे स्मरण करतो. गास येथील चर्च आणि वसईचे महाविद्यालय त्यांच्या नावाने उभे आहे. परंतु त्यांच्या जीवनातील पहिला त्याग क्रुसावरचा नव्हता. तो चालत्या व्यापाराचा होता. संपत्तीवर पाणी सोडण्याचे बळ ज्यांनी आधी मिळविले होते, त्यांना प्राण देण्याचे बळ नंतर मिळाले. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

ज्या जपानमध्ये संत गोन्सालो यांनी रक्त सांडले, तेथील ख्रिस्तसभेची कथाही वसईशी मिळतीजुळती आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचले. त्यानंतरच्या काही दशकांत तेथील ख्रिस्तसभा वेगाने वाढली. काही सरदारांनीही बाप्तिस्मा घेतला. मग बंदी आली, छळ झाला आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत देशात एकही धर्मगुरू उघडपणे उरला नाही. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा भागातील नव्या चर्चमध्ये काही गरीब गावकरी आले आणि त्यांनी फ्रेंच धर्मगुरू फादर पेटिजाँ यांना हळूच सांगितले, की आपली श्रद्धा एकच आहे. सुमारे दोनशे वर्षे धर्मगुरूंवाचून त्यांनी श्रद्धा जपली होती. कोणी बाप्तिस्मा द्यायचा, कोणी सणांच्या तिथ्या सांभाळायच्या, कोणी निरोप पोहोचवायचे, हे गावागावांत वाटून दिलेले होते. विशेष म्हणजे ओउराचे ते चर्च नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या संत गोन्सालो यांनाही, अर्पण केलेले आहे.

जपानमधील त्या गावकऱ्यांनी प्रत्येकाला काम नेमून दिले होते, म्हणून ते टिकले. आज आपल्या धर्मग्रामात धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत, धर्मशिक्षक आहेत. म्हणूनच घरातील जबाबदारी त्यांच्यावर सोपवून देण्याचा मोह होतो. उद्या काही कारणाने दहा वर्षे धर्मगुरू मिळाले नाहीत, तर आपल्या घरात प्रार्थना चालू राहील काय? प्रत्येक कुटुंबाने हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

आपसांतील दुही: एक जुना इशारा

बाहेरचे संकट टळले, की आतील भांडणे वर येतात. मुंबई आणि उत्तर कोकणातील कॅथलिक समाजाने हे प्रदीर्घ काळ अनुभवले. पोर्तुगालच्या राजाला मिळालेला धर्मकार्याचा जुना अधिकार, म्हणजे पाद्रोआदो, आणि रोमच्या प्रोपागांडा खात्याची व्यवस्था यांच्यातील वादामुळे एकाच परिसरातील धर्मग्रामांवर दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांची सत्ता राहिली. चर्चेस, मालमत्ता आणि मानपान यांवरून शेजारी शेजाऱ्यापासून तुटला. १९२८ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या करारानंतर दमण धर्मप्रांत विसर्जित झाला आणि त्याचा येथील भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतात आला. तेव्हा ही दुहेरी व्यवस्था संपली.

या वादात दोन्ही बाजूंना भाविक, प्रार्थनाशील माणसे होती. प्रत्येकाला आपण एकनिष्ठ आहोत असेच वाटत होते. संस्थेवरील निष्ठा आणि ख्रिस्तावरील निष्ठा यांतील अंतर पुसले गेले, की असे घडते. आज गावकीतील, पतसंस्थेतील किंवा राजकीय गटांतील वैर जेव्हा मिस्सेच्या वेळी शांतीचा अभिवादनविधी करतानाही मनातून जात नाही, तेव्हा तो जुना इशारा आठवावा.

अभावातून उभ्या राहिलेल्या संस्था

विसाव्या शतकाच्या आरंभी वसईचा शेतकरी कष्टाळू होता, पण कर्जबाजारीही होता. भारतात १९०४ आणि १९१२ च्या कायद्यांनी सहकारी पतसंस्थांना मार्ग मोकळा करून दिला होता. त्याचा लाभ घेऊन १९१८ मध्ये पापडी येथे मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने एक छोटी सहकारी पतसंस्था सुरू झाली. हीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. थोड्याशा बचतीतून, एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवून ती उभी राहिली.

शिक्षणाचेही असेच. चर्चच्या आवारातील शाळांनी शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या मुलांना मराठीतून अक्षरओळख दिली, पुढे त्यांच्यातून शिक्षक, परिचारिका, बँक कर्मचारी, अभियंते आणि डॉक्टर घडले. आजाऱ्यांच्या सेवेसाठी सांडोरच्या बंगली येथे उभ्या राहिलेल्या रुग्णालयाला कार्डिनल ग्रेशस यांचे नाव देण्यात आले. कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस हे १९५० मध्ये मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले होते.

या संस्थांच्या बाबतीत एक गोष्ट विसरता कामा नये. सावकारीचा फास सैल करणे, अज्ञान दूर करणे, आजाऱ्याला आधार देणे हे त्यांचे हेतू होते. संस्था वाढली, की तिची इमारत, ठेवी, निकाल आणि निवडणुका यांवरच लक्ष केंद्रित होते. तो गरीब माणूस, ज्याच्यासाठी ती सुरू झाली, आजही आहे. फक्त तो आता आपल्याच कुटुंबातला नसेल. तो नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणारा परप्रांतीय मजूर असेल, किंवा जव्हार-मोखाड्यातून वीटभट्टीवर कामाला आलेला आदिवासी असेल. संस्थेची निष्ठा तिच्या मूळ हेतूशी आहे की मूळ लाभार्थींच्या वारसांशी, याची तपासणी अधूनमधून व्हायला हवी.

वसई धर्मप्रांत

२२ मे १९९८ रोजी संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी मुंबई महाधर्मप्रांतातून वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण केला. बिशप थॉमस डाबरे हे त्याचे पहिले महागुरुस्वामी. २००९ मध्ये त्यांची पुणे धर्मप्रांतात नेमणूक झाली आणि त्यांच्यानंतर आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांनी धुरा सांभाळली. २०२४ पासून बिशप थॉमस डिसोजा हे धर्मप्रांताचे प्रमुख आहेत. वसई तालुक्यातील जुन्या धर्मग्रामांबरोबरच पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड हा प्रदेशही या धर्मप्रांतात येतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. धर्मप्रांताची हद्द आता या जिल्ह्याशी जुळते.

स्वतंत्र धर्मप्रांत हे मोठे यश होते. पण त्याने नवी जबाबदारीही आणली. धर्मप्रांताच्या एका टोकाला चारशे वर्षांहून अधिक जुनी, सुस्थितीतील धर्मग्रामे आहेत आणि दुसऱ्या टोकाला पहिल्या-दुसऱ्या पिढीतील आदिवासी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, जी पावसाळ्यानंतर कामासाठी घर सोडतात. जुन्या धर्मग्रामाच्या सणाला रोषणाईवर किती खर्च होतो आणि मिशनकेंद्रातील वसतिगृहासाठी किती हातभार लागतो, ही तुलना कोणालाही घरबसल्या करता येईल.

हरित वसई आणि बावखल

जागृतीचा आणखी एक पाठ वसईने महाराष्ट्राला दिला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शहरीकरणाच्या लाटेत वसईची शेती, झाडे आणि पाणी धोक्यात आले. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. फादर दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. बायबलच्या मराठी अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्या लढ्यात सर्व धर्मांचे वसईकर एकत्र आले होते. ख्रिस्ती माणसाची जागृती केवळ स्वतःच्या समाजापुरती नसते, हे त्यातून दिसले.

पुढे काय झाले? वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांच्या पुढे गेली होती. ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. जमिनीचे भाव वाढले, तसा विकण्याचा मोहही वाढला. ज्यांच्या वडिलांनी मोर्चात घोषणा दिल्या होत्या, अशाही काही घरांनी वाडी विकली. यात सर्वस्वी त्यांचाच दोष असे म्हणता येणार नाही. शेती परवडत नाही, भावंडांत वाटण्या होतात, मुले परदेशी जातात. पण लढा जिंकल्याच्या आनंदात वाडी टिकवण्याचे रोजचे काम मागे पडले, हे खरे.

वसईच्या वाडीतील बावखल या संदर्भात आठवते. पावसाचे पाणी साठविणारे हे गोड्या पाण्याचे तळे. त्याच्या पाण्यावर केळी, पानवेली आणि फुलझाडे जगली. जमिनीत पाणी मुरल्याने विहिरी गोड राहिल्या आणि खाडीचे खारे पाणी आत येण्यास अटकाव झाला. बावखल एका दिवसात बुजत नाही. एक वर्ष गाळ काढायचा राहतो, मग दुसरे वर्ष. पाणी वर तसेच दिसते. पुढे कोणीतरी कडेला राडारोडा टाकतो, आणि काही वर्षांनी शेजारची विहीर खारी का झाली याचा उलगडा कोणालाच होत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा बुजवलेल्या पाणवाटांची अनेकांना आठवण झाली. कुटुंबातील प्रार्थना, पापनिवेदन आणि शेजाऱ्याची विचारपूस यांचेही बावखलासारखेच आहे. ती बंद पडल्यावर लगेच काही बिघडलेले दिसत नाही.

आजचे धोके

वरील अनुभवांच्या प्रकाशात काही धोके ओळखता येतात.

१. संख्या आणि समारंभ यांनाच श्रद्धा समजणे. सणाच्या मिस्सेला चर्चचे आवार अपुरे पडते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बाप्तिस्मा, पहिले कम्युनियन आणि लग्न यांचे खर्च जेव्हा कर्ज काढून केले जातात, तेव्हा ज्या सावकारीतून आपल्या पूर्वजांनी सुटका करून घेतली तिच्याकडे आपण वेगळ्या वाटेने परत जात असतो.

२. मद्याची सवय. हळदीला आणि लग्नाला तिला प्रतिष्ठा मिळाली आहे. तिची किंमत घरातील स्त्रिया आणि मुले मोजतात.

३. भाषेचा दुरावा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीतून होऊ लागली आणि सामान्य भाविकाला वेदीवरचे शब्द कळू लागले. आज इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला आजीची सामवेदी किंवा वाडवळी बोली आणि मिस्सेची मराठी दोन्ही परक्या वाटू लागल्या, तर श्रद्धेच्या हस्तांतरणाचा धागाच विरतो.

४. पाचारणांची ओहोटी. ज्या कुटुंबांनी धर्मगुरू आणि धर्मभगिनी दिल्या, त्यांच्यातील पुढच्या पिढीत एकुलत्या एका मुलाचे किंवा मुलीचे पाचारण स्वीकारणे कठीण वाटते.

५. टीकेची असहिष्णुता. हिशेब विचारणाऱ्याला विरोधक ठरविणे हे कोणत्याही संस्थेच्या आजाराचे लक्षण आहे. धर्मगुरूही याला अपवाद नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २२ डिसेंबर २०१४ रोजी रोममधील आपल्याच कार्यालयीन सहकाऱ्यांसमोर पंधरा आजारांची यादी वाचली होती. त्यांतील पहिला होता स्वतःला अमर आणि अपरिहार्य समजण्याचा.

जागृतीची साधने

ख्रिस्तसभेने जागृतीसाठी काही साधने ठरवून दिलेली आहेत. ती नवीन नाहीत; वापरात आणायची आहेत.

पहिले साधन आत्मपरीक्षण आणि प्रायश्चित्त संस्कार. उपवासकाळ दरवर्षी येतो, तो वार्षिक गाळ काढण्यासाठीच.

दुसरे साधन हिशेब. १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३७व्या नियमानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक मंडळ असणे बंधनकारक आहे. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असे १२८७वा नियम सांगतो. हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे आणि तो देणे हा उपकार नव्हे.

तिसरे साधन पालकीय भेट. ३९६व्या नियमानुसार महागुरुस्वामींनी निदान दर पाच वर्षांनी संपूर्ण धर्मप्रांताला भेट द्यावयाची असते. भेटीच्या दिवशी कमानी आणि पुष्पगुच्छ यांपेक्षा धर्मग्रामाची खरी स्थिती त्यांच्यापुढे ठेवणे अधिक उपयोगाचे.

चौथे साधन एकत्र बसून ऐकणे. २०२१ ते २०२४ या काळात जगभर सिनडची प्रक्रिया झाली. ऑक्टोबर २०२४ च्या अंतिम दस्तऐवजात पारदर्शकता आणि उत्तरदायित्व यांवर भर दिला आहे. वस्तीपातळीवरील लहान समूहांच्या सभा ही त्याची आपल्याकडील जागा आहे. तेथे नेहमी बोलणाऱ्यांबरोबर कधीच न बोलणाऱ्यांनाही विचारले जावे.

पाचवे साधन सीमेपलीकडे जाणे. दर वर्षी प्रत्येक जुन्या धर्मग्रामातील काही तरुणांनी आदिवासी भागातील एखाद्या मिशनकेंद्रात काही दिवस राहावे. द्यायला नव्हे, शिकायला. अभावात श्रद्धा कशी दिसते, हे आपण विसरलो आहोत. ते तेथे पाहायला मिळते.

धर्मग्रामासाठी काही प्रश्न

पालकीय मंडळाच्या सभेत किंवा समूहाच्या प्रार्थनेत पुढील प्रश्नांवर विचार करता येईल.

गेल्या वर्षी धर्मग्रामाचा हिशेब सर्वांसमोर मांडला गेला का?

आपल्या हद्दीत नव्याने राहायला आलेल्या किती ख्रिस्ती आणि अन्यधर्मीय कुटुंबांना आपण नावाने ओळखतो?

आपल्या संस्थेत शेवटचा गरीब माणूस मदतीसाठी कधी आला आणि तो काय घेऊन परतला?

गावात बोलणे बंद असलेली किती घरे आहेत? त्यांच्या समेटासाठी कोणी पुढाकार घेतला का?

आपल्या घरात सायंकाळची प्रार्थना कोण सुरू करतो? तो माणूस घरी नसेल त्या दिवशी काय होते?

समारोप

संकट हा कठोर पहारेकरी असतो. तो माणसाला झोपू देत नाही. १७३९ नंतरच्या वसईत, बंदीच्या काळातील नागासाकीत आणि १९१८ च्या पापडीत हा पहारेकरी दारात उभा होता. आज तो नाही, आणि तो परत यावा अशी इच्छा कोणीही करणार नाही. त्याच्या जागी आपल्यालाच पहारा द्यायचा आहे. ते काम केवळ महागुरुस्वामींचे किंवा धर्मगुरूंचे नाही. ज्या प्रापंचिक स्त्री-पुरुषांनी राजाश्रय गेल्यावर श्रद्धा राखली, त्यांच्याच वारसांचे ते आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांची मध्यस्थी आपल्याला लाभो, आणि प्रभू येईल तेव्हा आपल्या घरातील दिवा त्याला तेवताना आढळो.